मिरजेतील एक विद्यार्थिनी आणि ग्राफिक डिझाइनची पदवी: निवडीचा प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी २०२४ मध्ये, बारावीची परीक्षा तोंडावर आलेली असताना, मिरजेतील एका फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानाचे मालक आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन मी बरीच वर्षे जाहिरात आणि प्रकाशन या क्षेत्रांत काम केले असून आता एक लहान स्टुडिओ चालवते. दुकानाचे ऑफसेटचे काम अधूनमधून माझ्यामार्फत जात असल्याने ओळख जुनी होती. मुलगी नववीपासून दुकानात बसत होती. कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरवर वाढदिवसाचा फ्लेक्स पंधरा मिनिटांत लावणे, ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला अंधुक फोटो कापून स्वच्छ करणे, पत्रिकेचे मॅटर श्रीलिपीत टंकून प्रूफ काढणे, ही कामे ती कोणाच्या मदतीशिवाय करत असे. वडिलांचा प्रश्न असा होता की जे काम तिला आजच येते, ते शिकण्यासाठी चार वर्षे आणि काही लाख रुपये घालवायचे का, आणि घालवायचेच असतील तर कोणत्या कॉलेजात.

या प्रकरणातील कुटुंबाची नावे आणि ज्या संस्था आम्ही प्रत्यक्ष पाहिल्या त्यांची नावे मी येथे देत नाही. निवड कशी होत गेली, कोणत्या गोष्टींना आम्ही वजन दिले आणि कुठे आमचा अंदाज चुकला, एवढेच मांडण्याचा हेतू आहे.

उशीर झालेला प्रश्न

पहिली अडचण तारखांची होती आणि ती आमच्या लक्षात येईपर्यंत निम्मे पर्याय हातातून गेले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, म्हणजे एन.आय.डी.ची, प्राथमिक परीक्षा डिसेंबरात होऊन गेली होती. मुंबईच्या आय.आय.टी.मधील आय.डी.सी. या डिझाइन विभागाच्या पदवीसाठी लागणारी युसीड ही परीक्षा जानेवारीत झाली होती. या परीक्षांचे अर्ज आधीच्या वर्षाच्या दिवाळीच्या आसपासच भरावे लागतात. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जाणाऱ्या मुलांच्या घरी हे वेळापत्रक अकरावीपासून भिंतीवर लावलेले असते. डिझाइनच्या बाबतीत मात्र बारावीचा निकाल लागला की कॉलेज बघू, असा समज अजूनही सर्रास आढळतो, आणि निमशहरी भागात तर शाळेतील चित्रकलेचे शिक्षक सोडले तर हे सांगणारे कोणी नसते. ही मुलगी कला शाखेची होती. आय.आय.टी.च्या नावामुळे ते शिक्षण फक्त विज्ञान शाखेच्या मुलांसाठी असते, असे तिच्या घरी गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात मुंबई आय.आय.टी.च्या या पदवीला बारावीची कोणतीही शाखा चालते.

दुसरी अडचण नावाची होती. वडिलांनी इंटरनेटवर ‘ग्राफिक डिझाइन’ असे शोधले, तेव्हा त्यांच्यासमोर खासगी विद्यापीठे आणि सॉफ्टवेअर शिकवणारे क्लास एवढेच आले. महाराष्ट्रात हे शिक्षण जिथे पिढ्यानपिढ्या दिले जाते त्या पदवीचे नाव बी.एफ.ए. (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स), उपयोजित कला, असे आहे. जुन्या लोकांच्या बोलण्यात ती अजूनही ‘कमर्शियल’ असते. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाची सुरुवात १८५७ची. त्याच परिसरातील उपयोजित कला संस्थेतून महाराष्ट्रातील जाहिरात आणि अक्षरांकन क्षेत्रांतील कितीतरी मंडळी बाहेर पडली. या संकुलाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तरीही ‘उपयोजित कला’ या शब्दांवरून सामान्य पालकाला लोगो, पुस्तकाचे मुखपृष्ठ किंवा मोबाइल ॲपचा पडदा डोळ्यांसमोर येत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

एस.टी. स्थानकाचा फळा

कॉलेजांची तुलना करण्याआधी या मुलीला नेमके कशाचे वेड आहे हे कळणे मला आवश्यक वाटले, कारण ग्राफिक डिझाइन या एका नावाखाली परस्परांपासून बरीच वेगळी कामे येतात. कथाचित्रे काढणारा, अक्षरे घडवणारा, वेष्टने करणारा आणि ॲपचे पडदे आखणारा या चौघांचे शिक्षण काही अंतर एकत्र जाते आणि मग फुटते. शिवाय दुकानातील कामावरून तिच्याविषयी काही ठरवणे चुकीचे होते, कारण तिथे सगळे निर्णय ग्राहकाचे असतात आणि वेळ अर्ध्या तासाचा असतो.

परीक्षा संपल्यावर मी तिला एक काम दिले. मिरज एस.टी. स्थानकावरील सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळापत्रकाचा फळा नव्याने मांडायचा, आणि त्यासाठी तीन आठवडे घ्यायचे.

पहिला आराखडा चार दिवसांत आला. मागे निळ्या रंगाची छटा, कोपऱ्यात एस.टी.चा फोटो, वर तिरकी, सावली दिलेली अक्षरे. थोडक्यात तो वेळापत्रकाचा फ्लेक्स होता. मी त्यावर काही न बोलता तिला स्थानकावर दोन तास उभे राहून लोक फळा कसा वाचतात ते टिपून आणायला सांगितले. तिने आणलेली निरीक्षणे माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगली होती. फळा सुटण्याच्या वेळेनुसार लावलेला होता, पण येणारा माणूस वेळ शोधत नसून गाव शोधत होता. जतला जाणाऱ्या वृद्ध बाईंनी सगळ्या ओळी वरून खाली वाचून पाहिल्या आणि शेवटी चौकशीच्या खिडकीवर जाऊन विचारले. ‘मार्गे’ हा रकाना सर्वांत बारीक अक्षरांत होता, आणि मधल्या गावी उतरणाऱ्या प्रवाशाला नेमका तोच लागत होता. तिने हेही लिहिले होते की अनेकांना फळ्याशेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारणे फळा वाचण्यापेक्षा सोपे वाटते.

दुसऱ्या आराखड्यात गावे अकारविल्हे आली. तिसऱ्यात तिने ती दिशांनुसार गटांत बांधली, प्रत्येक गावापुढे दिवसभराच्या वेळा एका आडव्या ओळीत घेतल्या, ‘मार्गे’ मोठ्या अक्षरांत गावाखाली आणले आणि सगळा रंग काढून टाकला. अक्षरांसाठी तिने मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला ‘मुक्त’ हा मोफत फाँट स्वतः शोधून वापरला, कारण दुकानातल्या फाँटमध्ये बारीक आकारात ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे कळत नव्हते. या तीन आठवड्यांत कळले ते असे की तिला चित्र काढण्यापेक्षा मजकूर लावण्यात, त्याची उतरंड ठरवण्यात आणि अक्षरांत जास्त रस होता. तिच्या हाताची एक मोठी उणीवही उघडी पडली. दुकानातल्या तयार चित्रांच्या सवयीमुळे तिला माणूस समोर बसवून काढता येत नव्हता. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा तिने आठवीत दिली होती आणि त्यानंतर पेन्सिल हातात धरलीच नव्हती.

वडिलांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर या फळ्यातच मिळाले. जे तिला येत होते ते सॉफ्टवेअर होते. जे शिकायचे होते त्याला पहिला आराखडा टाकून देऊन तिसऱ्यापर्यंत पोहोचण्याची सवय लागते, आणि ती लावायला कोणीतरी रोज कामाकडे बघणारे लागते. कॉलेज निवडताना मी पुढे जी एक कसोटी सर्वांत वर ठेवली ती हीच: येथे विद्यार्थ्याचे काम कोण बघते, किती वेळा बघते आणि ते पुन्हा करायला लावते का.

पर्याय

एप्रिलपर्यंत आमच्यासमोर चार वाटा उरल्या.

सर्वांत सोपी वाट एक वर्षाच्या खासगी प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची होती. शुल्क १ लाख ६० हजार रुपये, आणि माहितीपत्रकावर नोकरीची शंभर टक्के हमी. विषयांची यादी वाचली तर ती सॉफ्टवेअरच्या नावांची यादी होती. ज्याच्याकडे आधीच कलेची पदवी आहे आणि ज्याला संगणकावरचे काम चटकन आत्मसात करायचे आहे, त्याला असा अभ्यासक्रम उपयोगी पडू शकतो. या मुलीच्या बाबतीत तो तिला येणाऱ्या गोष्टीच पुन्हा विकत देणार होता. शिवाय पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरल्यास अशा प्रमाणपत्राचा पात्रतेसाठी उपयोग झाला नसता. ही वाट आम्ही पहिल्याच बैठकीत सोडली.

दुसरी वाट पुण्याजवळील एका खासगी विद्यापीठातील चार वर्षांच्या बी.डेस. (बॅचलर ऑफ डिझाइन) या पदवीची, संज्ञापन म्हणजे कम्युनिकेशन डिझाइन या शाखेची. तिसरी, बी.एफ.ए. उपयोजित कला, त्यात घरापासून तासाभराच्या अंतरावरचे एक महाविद्यालय आणि पुण्यातील एक महाविद्यालय अशी दोन ठिकाणे विचारात होती. चौथी, एक वर्ष थांबून एन.आय.डी. आणि युसीडची तयारी करण्याची.

बी.एफ.ए. आणि बी.डेस. यांतील फरक पालकांना समजावताना मला नेहमी अडखळायला होते, कारण कागदावरील फरक आणि वर्गातील फरक एक नसतो. ढोबळपणे सांगायचे तर उपयोजित कलेचे शिक्षण हातातून वर जाते: रेखाटन, सुलेखन, अक्षररचना, कथाचित्र, छायाचित्रण, पोस्टर, जाहिरातमोहीम; शेवटच्या वर्षी यांतील एखादा विषय विशेष म्हणून घ्यायचा. बी.डेस.मध्ये पहिले वर्ष सर्व शाखांचे पायाभूत असते, मग शाखा मिळते, आणि भर प्रश्न शोधणे, वापरणाऱ्याचा अभ्यास करणे, नमुने करून तपासणे यांवर असतो. एस.टी.च्या फळ्यावर या मुलीने जे केले ते वृत्तीने बी.डेस.च्या जवळचे होते, आणि तिच्या हातात जे नव्हते ते उपयोजित कलेच्या पहिल्या दोन वर्षांत मिळणार होते. त्यामुळे केवळ अभ्यासक्रमाच्या स्वरूपावरून निकाल लागणे शक्य नव्हते.

तिच्या वडिलांना भीती होती की एक वाट धरली की दुसरी कायमची बंद होते. या क्षेत्रात तसे होत नाही. देवनागरी अक्षररचनेतील ज्येष्ठ नाव असलेले र. कृ. जोशी ज. जी.त शिकले, जाहिरात संस्थेत वाढले, नंतर आय.डी.सी.मध्ये शिकवू लागले आणि पुढे संगणकावरील ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांनी घडवला. २०१० मध्ये स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह ज्यांनी केले ते डी. उदय कुमार मूळचे वास्तुकलेचे पदवीधर असून नंतर आय.डी.सी.त आले. पदव्युत्तर शिक्षणासाठी असलेली सीड ही परीक्षा कोणत्याही विषयातील किमान तीन वर्षांची पदवी असलेल्याला देता येते, जी. डी. आर्ट ही आपली जुनी पदविका असलेल्यांनाही एक वर्षाच्या व्यावसायिक अनुभवानंतर ती खुली आहे. म्हणजे बी.एफ.ए. करून आय.डी.सी.त, किंवा एन.आय.डी.ची स्वतंत्र परीक्षा देऊन तिथे, एम.डेस. या पदव्युत्तर पदवीला जाण्याचा रस्ता मोकळा राहतो, हे त्या दिवशी वडिलांनी वहीत लिहून घेतले.

वर्षभर थांबण्याचा पर्याय मुलीला आवडत होता, मला नव्हता. युसीड जास्तीत जास्त दोनदा आणि तीही लागोपाठच्या वर्षांत देता येते, आणि आदल्या वर्षी बारावी झालेल्यालाही ती देता येते. म्हणजे एखाद्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असतानाही जानेवारी २०२५ची परीक्षा तिला देता आली असती. प्रश्नपत्रिका इंग्रजीत, पहिला भाग संगणकावर आणि त्यात अवकाश-कल्पना, तर्क, निरीक्षण यांचे प्रश्न. चित्राचा भाग पहिल्या भागात पात्र ठरणाऱ्यांचाच तपासला जातो. घरी एकटी बसून वर्षभर याची तयारी करण्यापेक्षा रोज आठ तास रेखाटन करत असताना ती करणे मला अधिक शहाणपणाचे वाटले.

कामकाजाच्या दिवशी भेट

प्रवेशाच्या समुपदेशनाच्या दिवशी कॉलेज पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवशी सगळेच दिवाळीसारखे असते. आम्ही तीनही ठिकाणी एप्रिलमध्ये, सबमिशनच्या धांदलीत, आगाऊ न कळवता गेलो. मी तिला प्रत्येक ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन मुलांची कामे बघायला सांगितले. पहिल्या वर्षाचे काम सगळीकडे सारखेच दिसते आणि शेवटच्या वर्षाचे निवडून भिंतीवर लावलेले असते. शिकवण्याचा खरा दर्जा तिसऱ्या वर्षाच्या सामान्य विद्यार्थ्याच्या कामात सापडतो.

खासगी विद्यापीठात प्रयोगशाळा पाहून वडील हरखून गेले, आणि ते योग्यच होते. छपाईची यंत्रे चालू स्थितीत होती, ग्रंथालय समृद्ध होते, बाहेरचे व्यावसायिक येऊन कार्यशाळा घेत होते, विद्यार्थी आपल्या कामाविषयी न अडखळता बोलत होते. एका मुलाने रुग्णालयातील दिशादर्शक पाट्यांवर केलेला प्रकल्प आम्हाला वीस मिनिटे समजावून सांगितला. तो ऐकताना आमच्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मात्र त्या मजल्यावर लावलेल्या चाळीसएक पोस्टरांत मराठी अक्षरे असलेले एकच पोस्टर होते. विद्यार्थी देशभरातून येतात, शिकवण्याची भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे यात आश्चर्य नव्हते. पण जिचा ओढा देवनागरी अक्षरांकडे आहे तिच्यासाठी ही बाब गौण नव्हती.

घराजवळच्या महाविद्यालयात चित्रकलेचे वातावरण उत्तम होते. जलरंगातली निसर्गचित्रे पाहून मलाही तिथे दोन दिवस राहावेसे वाटले. उपयोजित कलेच्या विभागात मात्र पूर्णवेळ शिक्षकांच्या जागा रिक्त होत्या आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक आठवड्यातून दोनदा येत होते. मुले मन लावून काम करत होती. त्यांचे काम बघणारे कोणी नव्हते.

पुण्यातील महाविद्यालयाची इमारत जुनी, संगणक त्याहून जुने, आणि रंगीत प्रिंटर त्या दिवशी बंद होता. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. पण दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पंचवीस मुले बोरूने ‘क’ गिरवत बसली होती आणि एक वयस्क शिक्षक प्रत्येकाच्या मागे उभे राहून दंड आणि गोलाईतील जाडीचे प्रमाण दुरुस्त करत होते. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे काम दाखवले, त्याच्या खाली ट्रेसिंग पेपरच्या सहा आवृत्त्या होत्या आणि प्रत्येकीवर लाल पेन्सिलीने शेरे. निम्म्याहून अधिक कामे मराठीत होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा मुलीने एवढेच विचारले की त्या शिक्षकांची निवृत्ती कधी आहे. प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही परत आत जाऊन तो विचारला. आणखी तीन वर्षे होती.

मोबाइल ॲप आणि संकेतस्थळांच्या मांडणीचा विषय तिथे नावापुरता होता. ही उणीव मोठी आहे, कारण आज नव्या पदवीधरांना मिळणारे काम मोठ्या प्रमाणात त्याच क्षेत्रात आहे. मी ती वडिलांपासून लपवली नाही.

पैशाचा हिशेब

खासगी विद्यापीठाचा चार वर्षांचा खर्च, राहण्या-जेवणासह, १९ लाखांच्या घरात जात होता. घरात मुदत ठेवीचे ७ लाख होते. उरलेल्या १२ लाखांसाठी शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँकेने तारण मागितले, म्हणजे दुकानाचा गाळा गहाण ठेवावा लागणार होता. वडिलांनी १२ लाखांवर साडेदहा टक्के दराने दहा वर्षांचा हप्ता काढला होता, तो साधारण १६ हजार २०० रुपये येत होता, आणि तो पेलवेल असे त्यांना वाटत होते.

या हिशेबात एक चूक होती आणि ती बहुतेक घरांत होते. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसला तरी व्याज चालूच असते. दरवर्षी ३ लाख उचलले आणि मधल्या काळात व्याज भरले नाही, तर सरळ व्याजानेही ते सुमारे ४ लाख ४० हजार होते. परतफेड सुरू होते ती १६ लाख ४० हजारांवर, आणि हप्ता २२ हजारांच्या पुढे जातो. त्या विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघांशी आम्ही बोललो होतो. त्यांचे पहिले वेतन २२ आणि २८ हजार होते. दोघेही हुशार आणि समाधानी होते, मात्र दोघांवरही कर्ज नव्हते.

मला हप्त्याच्या आकड्यापेक्षा त्याच्या परिणामाची अधिक काळजी वाटली. या क्षेत्रात पहिली तीन-चार वर्षे कुठे काम करता यावर पुढचे बरेच अवलंबून असते. चांगल्या, लहान स्टुडिओंमध्ये पगार कमी आणि शिकणे भरपूर असते. ज्याला दरमहा २२ हजार भरायचे आहेत तो तिथे जाऊ शकत नाही; तो जास्त पगाराच्या पण साचेबद्ध कामाकडे वळतो, आणि महागडे शिक्षण घेऊन ते वापरण्याची मुभाच गमावतो. ज्या घरात हा भार पडत नाही, त्या घरातील मुलीला मी त्या विद्यापीठात जाण्याचाच सल्ला दिला असता.

पुण्यातील बी.एफ.ए.चे शिक्षण शुल्क वर्षाला ८० हजार होते. वसतिगृह आणि खाणावळ ९० हजार, साहित्य ३० हजार धरले तर चार वर्षांचे ८ लाख. म्हणजे ठेवीपेक्षा एक लाख जास्त. हा फरक जुलै २०२४ मध्ये मिटला. वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय निघाला. तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागांसाठी आहे, व्यवस्थापन कोट्यासाठी नाही, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. कुटुंब इतर मागास प्रवर्गातील होते आणि उत्पन्न मर्यादेत होते. आम्ही महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर कला संचालनालयाच्या योजना पाहून आणि महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून खात्री केली. चार वर्षांचा अंदाज ४ लाख ८० हजारांवर आला आणि ठेवीतले २ लाख २० हजार शिल्लक राहणार होते. ते एम.डेस.साठी राखून ठेवायचे, असे त्याच संध्याकाळी ठरले.

प्रवेश आणि त्यानंतर

उपयोजित कला पदवीची राज्याची प्रवेश परीक्षा तिने मे महिन्यात दिली. संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे तिचे चार भाग असतात. मानवाकृतीची उणीव भरून काढण्यासाठी ती दीड महिना रोज सकाळी मिरज जंक्शनवर जाऊन हमाल, फेरीवाले, झोपलेले प्रवासी काढत होती. जुन्या शाळेतले चित्रकलेचे सर तिच्या वह्या विनामूल्य तपासत होते. गुण मुंबईच्या ज. जी.साठी पुरेसे नव्हते. पुण्याची जागा दुसऱ्या फेरीत मिळाली.

आज ती दुसऱ्या वर्षात आहे. आमचे काही अंदाज खरे ठरले. बोरू शिकवणारे सर तिला आठवड्यातून तीन दिवस मिळतात आणि एका पत्रिकेचे काम त्यांनी तिच्याकडून नऊ वेळा करून घेतले. काही अंदाज चुकले. साहित्याचा ३० हजारांचा आकडा मी माझ्या विद्यार्थिदशेवरून धरला होता. मोठ्या आकाराच्या रंगीत छपाईमुळे पहिल्याच वर्षी तो ४४ हजारांवर गेला. शुल्कमाफीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कार्यालयाने हमीपत्र घेतले, पण वसतिगृहाची अनामत रक्कम एकदम भरावी लागली आणि तिची तरतूद आम्ही केलीच नव्हती. लॅपटॉप मी पूर्णपणे विसरले होते. राखून ठेवायच्या रकमेतील ७० हजार त्यात गेले.

जानेवारी २०२५ची युसीड तिने दिली आणि पहिल्या भागातच अडली. इंग्रजी वाचण्याचा वेग कमी पडला, असे तिचे म्हणणे आहे. पहिल्या सत्राच्या सबमिशनमुळे तयारी झाली नाही, असे माझे. ॲपच्या मांडणीची उणीव भरून काढण्यासाठी पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिने पुण्यातील एका लहान स्टुडिओत सहा आठवडे काम केले. तिथे मानधन मिळाले नाही, पण एका सहकारी बँकेच्या मोबाइल ॲपमधील मराठी मजकूर लावण्याचे काम तिच्या वाट्याला आले. लांब मराठी शब्द बटणांत बसत नाहीत, हा तिथला रोजचा प्रश्न होता.

चौथ्या वर्षासाठी विशेष विषय अक्षररचना घ्यायचा की संगणकीय ग्राफिक्स, यावर सध्या घरात दोन मते आहेत. वडील संगणकाच्या बाजूने आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी मला फोन करून सीडच्या अर्जाची तारीख विचारली, आणि ती परीक्षा अजून दोन वर्षे लांब असली तरी दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली.